साडेनऊनंतरची वाट

विठ्ठलवाडीसारख्या छोट्या स्थानकावर रात्री उतरणारी मुलगी सुखरूप घरी पोहोचते का, हा प्रश्न शासनाचा आहे, तसाच आपल्या पेढीचाही आहे.

रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. कर्जतच्या दिशेने जाणारी लोकल कल्याण सोडते आणि काही मिनिटांतच विठ्ठलवाडीच्या फलाटाला लागते. महिलांच्या डब्यातून दहा-बारा जणी उतरतात. कोणाच्या हातात रिकाम्या डब्याची पिशवी, कोणाच्या पिशवीत घाईघाईने घेतलेली मेथीची जुडी. दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले. पूल उतरेपर्यंत सगळ्या घोळक्याने चालतात, पुढे वाटा फुटतात. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण पूर्व. वाटा फुटल्या की काही जणी फोन कानाला लावतात. पलीकडे कोणी बोलत असतेच असे नाही. आपण एकट्या नाही, एवढे पाहणाऱ्याला वाटावे म्हणून तो फोन असतो.

या स्त्रिया कोठून येतात? ठाणे, डोंबिवली, कल्याण येथील बाजारपेठांतून. कापडाच्या दुकानात दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडून पुन्हा घालणाऱ्या, सराफी पेढीवर काउंटर सांभाळणाऱ्या, औषधांच्या दुकानात बिले करणाऱ्या, भांड्यांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत हिशेब लिहिणाऱ्या. त्या दुकानांतील पुष्कळशी आपल्या समाजबांधवांची आहेत. आपल्या घरी सूर्यास्तापूर्वी चौविहाराची तयारी झालेली असते. आपल्या काउंटरवरची मुलगी मात्र रात्री साडेदहाला घरी पोहोचते आणि मग चूल पेटवते. व्यापाराचे गणित असे आहे, त्यात कोणाचा दोष काढण्याचे कारण नाही. मात्र शटर खाली ओढून कुलूप लावले की आपला तिच्याशी असलेला संबंध संपतो का, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

एका स्थानकाच्या अनेक हद्दी

विठ्ठलवाडी हे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर कल्याणनंतरचे पहिले स्थानक. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून वसलेले उल्हासनगर आणि चाळींपासून उंच इमारतींपर्यंत वाढत गेलेले कल्याण पूर्व यांच्या सांध्यावर ते उभे आहे. सांध्यावरच्या गावाचे जे होते तेच येथे होते. गाडीत किंवा फलाटावर काही घडले तर तपास लोहमार्ग पोलिसांचा. गाड्यांत आणि स्थानकात बंदोबस्ताला रेल्वे सुरक्षा बल. स्थानकाबाहेर उल्हासनगरच्या अंगाला विठ्ठलवाडी पोलीस ठाणे, तर कल्याण पूर्वेला कोळसेवाडी पोलीस ठाणे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल तर एका बाजूला उल्हासनगर महापालिका, दुसऱ्या बाजूला कल्याण-डोंबिवली महापालिका. पुलावरून उतरून घराकडे निघालेली स्त्री चार पावलांत दोन-तीन यंत्रणांच्या हद्दी ओलांडते. तिला त्या दिसत नाहीत. तक्रार करायला गेल्यावरच त्या हद्दी उभ्या राहतात.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही,’ या एका वाक्याने कित्येक स्त्रियांना ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवले आहे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या काळापासून ‘झिरो एफआयआर’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तो थेट कायद्यात आणला. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची आणि नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायची. तक्रारीची प्रत विनामूल्य मिळते. लैंगिक गुन्ह्यांत स्त्रीची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. आणि अशा गंभीर गुन्ह्याची नोंद करण्यास टाळाटाळ करणारा लोकसेवक स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. विठ्ठलवाडीसारख्या सांध्यावरच्या वस्तीला या तरतुदीचे मोल सर्वांत जास्त. ती प्रत्येक घरात ठाऊक असली पाहिजे.

तक्रार वेळेवर न नोंदवल्याने काय होते, हे याच मार्गाने पाहिले आहे. विठ्ठलवाडीहून पुढचे तिसरे स्थानक बदलापूर. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराची वार्ता बाहेर आली आणि २० ऑगस्टला संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. कित्येक तास गाड्या थांबल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि गुन्हा नोंदवण्यातील दिरंगाईबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी-सावित्री समित्या यांची चर्चा त्यानंतर घरोघरी झाली. लहान मुलांच्या बाबतीत तर २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने कोणालाच गप्प राहण्याची मुभा ठेवलेली नाही. ज्याला अशा गुन्ह्याची माहिती आहे त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. पाठशाळेचे शिक्षक, विश्वस्त आणि शिबिरांचे संयोजक यांनाही हे बंधन आहे.

पन्नास वर्षांची वाटचाल

स्त्रीसुरक्षेच्या कायद्यांचा इतिहास पाहताना महाराष्ट्राला टाळून पुढे जाता येत नाही. १९७२ मध्ये आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले. मुलीने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, म्हणजे तिची संमती होती, असा त्यामागचा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच वर्षी विवाहितेच्या छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारे कलमही आले.

पुढे १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य महिला आयोग स्थापन झाला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आपले पहिले महिला धोरण जाहीर केले. त्यानंतर २००१, २०१४ आणि ८ मार्च २०२४ रोजी पुढील धोरणे आली. १९९४ मध्येच राज्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. वारसा कायद्याचा सुरक्षेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. ज्या मुलीला माहेरच्या घरात हक्काची जागा आहे, तिला सासरी मार खाऊन राहण्याची सक्ती नसते. एकत्र कुटुंबाच्या चोपड्यांत मुलीचे नाव कोठे आहे, हे ज्याने त्याने आपापल्या घरी तपासून पाहावे.

त्यानंतरच्या काळात मदतीची दारे वाढली. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा, २०१३ मध्ये पीडितेला अर्थसाहाय्य देणारी राज्याची मनोधैर्य योजना, २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, जेथे वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा अशी कल्पना आहे. स्त्रियांना विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट सुखवस्तू घरांतही पुष्कळांना माहीत नसते. घर श्रीमंत असते, पण तिच्या हाती स्वतःचा पैसा नसतो. अशा वेळी ही तरतूद फार उपयोगी पडते.

रेल्वेनेही काही पावले टाकली. मे १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली दरम्यान पहिली महिला विशेष लोकल धावली, पुढे मध्य रेल्वेवरही तशी गाडी आली. महिला डब्यांत टप्प्याटप्प्याने सीसीटीव्ही आणि संकटकाळी गार्डशी बोलण्याची सोय बसवली गेली. रात्रीच्या गाड्यांत महिला डब्यात पोलीस किंवा होमगार्ड नेमण्याची पद्धत आहे. राज्याने रिक्षा परवान्यांत स्त्रियांसाठी काही हिस्सा राखून ठेवला आणि ठाण्याच्या रस्त्यावर अबोली रंगाच्या, स्त्रियांनी चालवलेल्या रिक्षा दिसू लागल्या.

कागदावर पाहिले तर यादी लहान नाही. अडते ते शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला. गाडीतला पोलीस फलाटापर्यंत, फलाटावरचा कॅमेरा पुलापर्यंत. पुलाच्या पायरीपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत तिच्यासोबत कोण असते? बंद दुकानांची रांग. येथून पुढचा विषय आपला आहे.

दुकानाचा दिवा

अमेरिकेतील नगर-अभ्यासक जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये शहरांवरील आपल्या गाजलेल्या ग्रंथात एक साधे निरीक्षण मांडले. रस्ता सुरक्षित राहतो तो केवळ पोलिसांमुळे नव्हे. रस्त्यावर ज्यांची नजर असते, त्यांच्यामुळे तो सुरक्षित राहतो. आणि अशी नजर ठेवणाऱ्यांत दुकानदार अग्रभागी असतो, कारण रस्त्यावर शांतता असली तरच त्याचा व्यापार चालतो. मुंबईतही शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी स्त्रिया आणि शहरातील सार्वजनिक जागा यांचा काही वर्षे अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक लिहिले. मिश्र वस्तीच्या, दुकाने आणि घरे एकत्र असलेल्या गजबजलेल्या रस्त्यावर स्त्रियांना अधिक मोकळे वाटते, हे त्यांनाही जाणवले.

आपल्या पूर्वजांना हे पुस्तकांतून शिकावे लागले नाही. बाजारपेठेतील शेठजी गादीवर बसल्या बसल्या अवघा रस्ता पाहत असत. शाळेतून परतणारी मुलगी कोणाची, तिच्यामागे चालणारा अनोळखी माणूस कोण, हे त्यांना कळत असे. आज काचेचे दार, वातानुकूलित यंत्र आणि मोबाइल यांमुळे गादीवरून रस्ता दिसेनासा झाला. दुकानाचे तोंड आतल्या बाजूला वळले.

ते पुन्हा रस्त्याकडे वळवायला मोठा खर्च लागत नाही. शटर बंद केल्यावर बाहेरचा एक एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवला तर महिन्याला येणारे बिल चहाच्या चार पेल्यांइतके. एका गल्लीतील वीस दुकानदारांनी असे ठरवले तर अख्खी वाट उजळते. आपण चोरीच्या भीतीने दुकानात कॅमेरे लावतोच, त्यांपैकी एक रस्त्याकडे वळवून त्याचे चित्रण जतन ठेवता येते. स्थानकापासून वस्तीपर्यंतच्या वाटेवर रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी दोन-तीन दुकाने, बहुधा औषधांची, ‘येथे मदत मिळेल’ अशी पाटी लावू शकतात. घाबरलेल्या स्त्रीने पायरी चढावी, पाणी मागावे, घरच्यांना फोन करावा, घरचे माणूस येईपर्यंत थांबावे. एवढ्यानेही पुष्कळ साधते.

आपली पेढी आणि कायदा

रस्त्यावरच्या भीतीविषयी बोलणे सोपे आहे, कारण तेथे दोषी कोणी परका असतो. आपल्या दुकानाच्या आत काय घडते, हे पाहणे अवघड.

१९९७ मध्ये राजस्थानातील एका समाजसेविकेवरील अत्याचाराच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयाने ‘विशाखा’ मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांचेच पुढे २०१३ च्या कायद्यात रूपांतर झाले. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा हा कायदा ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असा गैरसमज व्यापारी वर्गात अजून खोलवर आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. पेढीवर दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. ही दहा माणसे मोजताना स्त्री-पुरुष दोन्ही मोजायचे, कायम, हंगामी, रोजंदारीवरचे आणि शिकाऊही मोजायचे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतील असावा. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तीच कसूर झाल्यास दंड दुप्पट होतो आणि परवानाही जाऊ शकतो.

दहापेक्षा कमी माणसे असलेल्या दुकानांचे काय? आपली बहुतेक दुकाने या गटात येतात. तेथील स्त्रीला, तसेच घरकाम करणाऱ्या मावशींना, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार स्वतः मालकाविरुद्ध असेल तरीही हाच मार्ग. शहरी भागात प्रत्येक प्रभाग किंवा नगरपालिका पातळीवर तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने सात दिवसांत ती समितीकडे पाठवावी, अशी कायद्यातच तरतूद आहे. प्रत्यक्षात या समित्या अनेक जिल्ह्यांत नावापुरत्या राहिल्या. म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला देशभरातील जिल्ह्यांना मुदत घालून द्यावी लागली. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करावी, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने वाढवून मिळतात. तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी, असे कायदा मानीत नाही. नाव गुप्त ठेवणे हे समितीचे कर्तव्य आहे.

वेळेचा प्रश्नही कायद्याने विचारात घेतला आहे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्त्रियांना रात्री साडेआठनंतर कामावर ठेवण्यास मनाई होती. २०१७ च्या कायद्याने ही वेळ साडेनऊ केली. त्यानंतर काम करून घ्यायचे असेल तर तिची संमती हवी, तिच्या सुरक्षिततेची व प्रतिष्ठेची तजवीज हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था हवी. हा कायदा कामगारांच्या ठरावीक संख्येवरील आस्थापनांना लागू होतो, तीन माणसांच्या दुकानाला तो बांधत नाही. परंतु तीन माणसांच्या दुकानातून निघालेल्या मुलीची वाट तीस माणसांच्या दुकानातून निघालेल्या मुलीच्या वाटेपेक्षा कमी अंधारी असत नाही.

दिवाळी आणि लग्नसराईत दुकाने अकरापर्यंत उघडी राहतात. गिऱ्हाईक काउंटरवर बसलेले असताना ‘आता जा’ म्हणणे जिवावर येते, हे व्यापार करणाऱ्यालाच कळते. पण तोडगे आहेत. लांब राहणाऱ्या मुलींना सकाळची पाळी द्यावी. शेजारच्या चार-पाच दुकानांनी मिळून एक ओळखीची रिक्षा ठरवावी आणि तिचा खर्च वाटून घ्यावा. बोनसच्या रकमेत जी उदारता आपण दाखवतो, तिचा एक अंश या रिक्षाला दिला तर हंगाम निर्धास्तपणे पार पडेल. विठ्ठलवाडीला, अंबरनाथला राहणाऱ्या मुली शक्यतो एकाच गाडीने निघतील, अशी सुट्टीची वेळ जुळवावी. घरी पोहोचल्यावर दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोन शब्द टाकायला सांगावे. आणि ते दोन शब्द आले नाहीत तर फोन कोण करणार, हेही आधीच ठरवून ठेवावे. नुसता निरोप मागून भागत नाही, त्याची वाट पाहणारे कोणीतरी हवे.

उंबऱ्याच्या आत

रस्ता आणि दुकान यांनंतर येते घर. स्त्रीला इजा करणारा माणूस पुष्कळदा तिच्या ओळखीचा, नात्यातला असतो, हे पोलीस, डॉक्टर, समुपदेशक सर्वच सांगतात. ‘आपल्या समाजात असे होत नाही,’ हे वाक्य आपण अभिमानाने उच्चारतो. आपण मुंगीलाही जपतो, मग घरात हिंसा कशी असेल? पण आपल्या आचार्यांना माणसाचा स्वभाव नीट ठाऊक होता. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार त्यांनी सांगितले. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. लहानपणी पाठशाळेत हे अतिचार गुराढोरांच्या संदर्भात शिकवले जातात. ते एकदा सुनेच्या संदर्भात वाचून पाहावेत. माहेरी जाऊ न देणे, फोन काढून घेणे हे बांधणे नव्हे काय? पहाटेपासून रात्रीपर्यंत तिच्यावर घर टाकणे हा अति भार नव्हे काय? खर्चासाठी एकेक रुपया मोजून देणे हे रोखणेच आहे. २००५ च्या कायद्यानेही शारीरिक मारहाणीच्या बरोबरीने मानसिक आणि आर्थिक छळाला हिंसाचार मानले. व्रत आणि कायदा येथे एकाच ठिकाणी येऊन भेटतात.

या ठिकाणी एक नाजूक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. घरातील तक्रार समाजाच्या ज्येष्ठांपर्यंत आली की बहुधा समेटाची भाषा सुरू होते. घराण्याचे नाव, धाकट्या बहिणींची लग्ने, व्यापारातील संबंध यांचा विचार पुढे येतो आणि शेवटी त्या मुलीला सांगितले जाते की क्षमा कर, आपला धर्म क्षमेचा आहे. क्षमा आपल्या धर्माचा प्राण आहेच. पण प्रतिक्रमणाचा क्रम आठवावा. ज्याच्या हातून दोष घडला त्याने आधी आलोचना करायची, दोष स्वतःच्या मुखाने सांगायचा, त्याची निंदा करायची, प्रायश्चित्त घ्यायचे. हे काहीच न करणाऱ्याला दुसऱ्याने परस्पर क्षमा मिळवून देणे, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. क्षमा हा दुखावलेल्या जीवाचा अधिकार आहे, त्याच्यावर लादायचे ओझे नाही. पोलिसांत तक्रार केलेल्या स्त्रीच्याही मनात क्षमा असू शकते. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

चंदनबालेच्या कथेतील वृद्ध दासी

चंदनबालेची कथा आपण उडदाच्या बाकुळ्यांच्या दानासाठी आठवतो. दोन्ही परंपरांत तिचे तपशील वेगळे आहेत. श्वेतांबर परंपरेतील कथा सांगते की युद्धात घर उद्ध्वस्त झालेली राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली गेली. धनावह नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे आपल्यासारख्याच एका व्यापाऱ्याने, तिला मुलीसारखे घरी आणले. पुरुष सज्जन होता, घर संपन्न होते. तरीही तो बाहेरगावी गेला असता त्याच घरात तिचे मस्तक मुंडले गेले, पायांत बेड्या पडल्या आणि तिला कोंडून ठेवण्यात आले. श्रेष्ठी परतला, त्याने चौकशी केली. घरातील नोकरचाकरांना सगळे ठाऊक होते, पण मालकिणीच्या धाकाने कोणी बोलेना. अखेर एका वृद्ध दासीने धीर करून सांगितले आणि दार उघडले गेले. पुढे भगवान महावीरांचा अभिग्रह तिच्या हातून पूर्ण झाला आणि तीच चंदनबाला छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली.

या कथेत त्या दासीला नाव नाही. पण ती बोलली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशी, दुकानातील सहकारी, शेजारच्या काकू, मुलीची मैत्रीण, अशा कोणीतरी बोलण्यावरच आजही एखादे दार उघडते. असे सांगणाऱ्याला ‘दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस’ म्हणून गप्प करण्याआधी ती कथा आठवावी.

समाजाची परंपरा आणि पुढचे काम

संकटातील स्त्रीसाठी उभे राहणे आपल्या समाजाला नवे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात बसवले नाही, शिकवले. मगनबाईंनी श्राविकाश्रम उभा केला, जेथे विधवा आणि निराधार स्त्रियांना निवारा, शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ मिळाले. सोलापुरात पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेच्या रूपाने तोच वसा पुढे नेला. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेली भारतीय जैन संघटना ‘स्मार्ट गर्ल’ या उपक्रमातून किशोरवयीन मुलींशी आत्मविश्वास, मैत्री, निर्णय घेणे आणि स्वसंरक्षण या विषयांवर मोकळा संवाद साधते. आपल्या मुलींना त्या शिबिरांना पाठवावे. मुलांसाठीही असाच संवाद हवा, कारण वाट अंधारी करणारा बहुधा कोणाचा तरी मुलगा असतो.

कल्याण-डोंबिवली-उल्हासनगर पट्ट्यातील प्रत्येक संघाला चातुर्मासाच्या निमित्ताने सहज करता येतील अशी काही कामे येथे सुचवतो.

१. महिला मंडळाने एका संध्याकाळी स्थानकापासून वस्तीपर्यंत चालत जावे. बंद दिवे, अडगळीच्या जागा, बंद पडलेले कॅमेरे, रिक्षा न मिळणारे कोपरे यांची नोंद करावी आणि ती ज्या त्या महापालिकेला, रेल्वेला, पोलीस ठाण्याला लेखी द्यावी. पोच घ्यावी आणि महिन्याने पुन्हा विचारावे. नगरसेवकाच्या सत्काराच्या कार्यक्रमापेक्षा अशी एक पोच अधिक उपयोगी.

२. व्यापारी मंडळाने दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या दुकानांसाठी एक तक्रार-साहाय्य गट करावा. त्यात एक वकील भगिनी असावी. या गटाने निवाडा करू नये. जिल्ह्याच्या समितीपर्यंत जाण्यास स्त्रीला सोबत करावी, एवढेच त्याचे काम.

३. दुकानाच्या आतल्या खोलीत, जेथे कर्मचारी डबा खातात, तेथे हे क्रमांक लावावेत : पोलीस व तातडीची मदत ११२, महिला साहाय्य १८१, रेल्वे १३९, लोहमार्ग पोलीस १५१२, बालकांसाठी १०९८, विनामूल्य कायदेशीर मदत १५१००.

४. उपाश्रय, स्थानक, मंदिर, पाठशाळा आणि भोजनशाळा येथे काम करणाऱ्या स्त्रियांसाठीही हेच नियम पाळावेत. विश्वस्तांनी सुरुवात स्वतःच्या वास्तूपासून करावी.

५. दुकान बंद करताना बाहेरचा दिवा चालू ठेवावा.

यांपैकी कोणतेही काम एका दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचे नाही. येत्या संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागू. त्या जीवांत आपल्या काउंटरवर दिवसभर उभी राहणारी ती मुलगीही आहे. तिला नुसते ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याआधी, ती रोज रात्री कोणत्या गाडीने जाते, कोठे उतरते आणि तेथून घरी कशी पोहोचते, हे एकदा विचारून घ्यावे. पुष्कळ मालकांनी हे कधी विचारलेले नसते. विचारले की पुढे काय करायचे ते आपोआप सुचते.